पासंग

आमच्या घरीं रात्रीं अकरा पानें मांडलीं जातात, आणि पंक्तींत वडील माणूस जें बोलेल तें शेवटचें, अशी आमच्या तीर्थरूपांच्या वेळेपासूनची चाल आहे. साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेंतील या वाड्यांत आम्ही दोघे बंधु, आमचीं कुटुंबें, मुलें, सुना आणि नातवंडें अद्याप एका चुलीवर जेवतों. असें घर आतां विरळा म्हणून लोक कौतुक करितात. पण एकत्र कुटुंबांत एका जिभेचा चटका दहा जणांस बसतो, हें कौतुक करणारांच्या ध्यानांत येत नाहीं. गेल्या माघांत हा चटका आमच्याच जिभेनें दिला, त्याची ही हकीकत आहे.

आमची धाकटी सून सांगलीची. तिचे वडील हळदीच्या एका अडत पेढीवर चाळीस वर्षें दिवाणजी होते. मुलीनें विलिंग्डन महाविद्यालयांत पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळविली, पुढें शिवाजी विद्यापीठाची एम्. एस्सी. झाली, आणि लग्नानंतर साताऱ्यांतील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत पीएच्. डी. चें काम करूं लागली. त्या वेळीं आम्हांस याचा अभिमान वाटला होता, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. परंतु तीन वर्षें गेलीं, शिष्यवृत्तीची मुदत संपली, पांचवें वर्ष लागलें, तरी प्रबंध कांहीं पुरा होईना. नातलग विचारीत, “काय मास्तर, सूनबाई डॉक्टर केव्हां होणार?” विषय कोणता म्हणून विचारिलें, तर आम्ही “विजेसंबंधीं कांहीं आहे” असें सांगून मोकळे होत असूं. आम्ही पासष्टी ओलांडलेले निवृत्त शाळामास्तर. शिक्षण म्हणाल तर जुन्या अकरावीचें मॅट्रिक, तेंही १९७४ सालचें, आणि त्यावर शास्त्रीबुवांच्या ओटीवर बसून केलेलें संस्कृत. फॅरड आणि व्होल्ट यांच्याशीं आमचा संबंध परीक्षेपुरता आला आणि परीक्षेबरोबर संपला.

अशांत एका स्नेह्यांच्या ओळखीच्या शाळेंत शास्त्र-शिक्षिकेची जागा रिकामी होणार असल्याचें आमच्या कानीं आलें. सूनबाईस न विचारतांच आम्हीं त्यांस शब्द देऊन टाकला, आणि रात्रीं पंक्तींत ती बातमी प्रसाद वाटावा तशी सर्वांस सांगितली. सूनबाई वाढतां वाढतां थांबली. म्हणाली, “मामंजी, मला अजून सहा महिने तरी लागतील. एक मोजमाप पुन्हां करायचें आहे.”

त्यावर आम्ही बोलून गेलों, “पांच वर्षें चार भांड्यांत पत्र्याची पट्टी बुडवायची आणि काढायची, यापलीकडे तूं केलेंस काय?”

पंक्तींत कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाईनें हातांतलें भातेलें खालीं ठेविलें नाहीं. सर्वांना वाढलें, मागचा भातही वाढला, आणि आम्हांस ताक हवें का म्हणून विचारिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चिरंजीव सांगते झाले, कीं ती चार दिवस सांगलीस जाऊन येते म्हणते. आम्ही “जाऊं दे” म्हणालों. दुसरें काय म्हणणार?

त्या रात्रीं कुटुंबानें आमची हजेरी घेतली. “मी या घरांत आलें तेव्हां तुम्ही लघुकौमुदीचीं सूत्रें घोकीत होतां. एकेक सूत्र शंभर शंभर वेळां. मामंजींनीं तुम्हांला एकदां तरी विचारलें का, कीं यापलीकडे केलेंत काय?” या प्रश्नाचें उत्तर आमच्या व्याकरणांत नव्हतें. तिसऱ्या दिवशीं आम्हीं माहुलीच्या बाजूचें स्टेशन गांठलें आणि मिरजेकडे जाणारी गाडी धरली.

गाडींत माणसास विचार करण्यावांचून गत्यंतर नसतें. आमच्या जिल्ह्यांत वीज उत्पन्न करण्याच्या साधनांची वाण नाहीं. कोयनेची वीज १९६२ पासून मिळूं लागली. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. कोयनेचें पाणी धरणांत अडवून ठेवतां येतें, आणि पाहिजे तेव्हां सोडतां येतें. पण वारा कोणत्या धरणांत अडवावा? तो मध्यरात्रीं सुटतो, तेव्हां दिवे मालवलेले असतात. आणि गिरण्या चालूं असतात तेव्हां तो पडतो. वीज करण्याइतकीच ती सांठविणें ही मोठी विवंचना आहे, एवढें आमच्यासारख्या अनभिज्ञालाही समजतें. सूनबाईची पट्टी या विवंचनेंतली आहे, हेंही तिनें एकदोनदां सांगितलें होतें. आम्हीं वर्तमानपत्रावरून डोळे काढले नव्हते, इतकेंच. किर्लोस्करवाडी आली. १९१० मध्यें माळरानावर कारखाना उभारून लोखंडाचे नांगर करणाऱ्या लक्ष्मणरावांसही त्या वेळीं लोकांनीं शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्याच असतील, असा एक विचार मनांत येऊन गेला, आणि तो आम्हांस फारसा सुखकर वाटला नाहीं.

सांगलीस पोंचलों तों दुपार टळली होती. हळदीच्या सौद्यांचे दिवस. बाजाराच्या बाजूनें येणारा वारा देखील पिवळा असावा असा वास सुटला होता. व्याही ओट्यावरच होते. सूनबाई घरांत दिसेना. आम्हीं चांचरत विचारिलें, तर ते म्हणाले, “ती काट्यावर गेली आहे.”

“हळदीच्या?”

“नव्हे हो मास्तर, तिच्या काट्यावर. साताऱ्यास तिच्याजवळ आहे तो मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवितो. इथें एका ठिकाणीं त्याच्या शंभरपट बारीक दाखविणारा आहे म्हणे. दोन महिन्यांपासून तिनें वेळ मागून ठेविली होती.”

म्हणजे सूनबाई रुसून आलीच नव्हती. आम्ही समजूत काढण्यासाठीं सव्वाशे किलोमीटर आलों होतों, आणि जिची समजूत काढावयाची ती कामावर गेलेली! व्याह्यांस पंक्तींतला प्रकार ठाऊक होता कीं नाहीं, हें आम्हांस आजतागायत कळलेलें नाहीं. त्यांनीं विषय काढला नाहीं, आणि आम्हींही काढला नाहीं.

संध्याकाळीं ते आम्हांस हरिपूरच्या रस्त्यानें फिरावयास घेऊन गेले. तेथें कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे. आमच्या माहुलीस वेण्णेला भेटून आलेलीच ही कृष्णा. त्या गांवच्या जमिनींत पूर्वीं हळदीचीं पेवें होतीं. तोंड अरुंद, पोट मोठें, खोली वीस फुटांच्या आसपास. आंतून शेणानें लिंपून, पाला घालून, हळद भरून वरून माती दाबीत. वर्षानुवर्षें ठेविली तरी हळदीस कीड लागत नसे. पेव उघडलें तरी लगेच कोणी आंत उतरत नसे. आंतली कोंडलेली हवा जीवघेणी, म्हणून तें तासचे तास उघडें ठेवावें लागे, आणि मग कंदील सोडून पाहत. २००५ सालच्या महापुरांत पाणी आंत शिरलें आणि बहुतेक पेवें गेलीं. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, तोंपर्यंत तिची ही जुनी कोठारें नाहींशीं होत आलीं होतीं.

पेवाची जागा काठीनें दाखवीत व्याही म्हणाले, “पोरीनें मला तिचा विषय यावरून समजावून दिला. बॅटरी म्हणजे पेव. माल पुष्कळ मावतो, पण भरायला वेळ, काढायला वेळ, आणि भरून काढून पेवाच्या भिंती झिजतात त्या वेगळ्याच. तिचें तें यंत्र म्हणजे पेढीचा ओटा. गाडी आली, पोतीं ओट्यावर. गिऱ्हाईक आलें, पोतीं गाडींत. क्षणांत भरतो, क्षणांत रिकामा होतो, आणि ओटा कांहीं झिजत नाहीं. पण मावणार किती? ओट्यावर मावेल तेवढेंच.”

आम्हीं आजवर ऐकलेल्या शास्त्रीय व्याख्यानांत इतकें स्वच्छ प्रतिपादन क्वचितच ऐकिलें असेल. रात्रीं जेवणें झाल्यावर सूनबाई समोर येऊन बसली, आणि उरलेला भाग आम्हीं तिच्याच तोंडून ऐकिला. पांच वर्षांत पहिल्यानेंच.

या यंत्राचें नांव सुपरकपॅसिटर. कपॅसिटरला आपल्या पाठ्यपुस्तकांत धारित्र म्हणतात, तेव्हां यास महाधारित्र म्हणावयास हरकत नाहीं. धृ धातूपासूनच धर्म आणि धरणी हे शब्द आले, असें आम्ही सांगूं लागलों, तों व्याही खोकले; म्हणून तें तेथेंच राहिलें. धारित्राचा मूळपुरुष म्हणजे १७४५-४६ च्या सुमारास हॉलंडांतील लायडेन येथें प्रसिद्धीस आलेली कांचेची बरणी. दोन धातूंच्या मध्यें कांच, आणि दोहों बाजूंस विजेचा भार. महाधारित्रांत कांच नसते. इलेक्ट्रोड क्षारांच्या पाण्यांत बुडालेला असतो. त्याच्या पृष्ठभागास वीज दिली, कीं पाण्यांतील विरुद्ध भाराचे आयन त्या पृष्ठभागाशीं दाटीनें येऊन उभे राहतात. म्हणून सारा खेळ पृष्ठभागाचा. नारळाच्या करवंटीचा कोळसा विशिष्ट रीतीनें भाजला तर त्यांत इतकीं सूक्ष्म छिद्रें पडतात, कीं एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक भरतो. हजार चौरस मीटर म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! चिमूटभर कोळशांत दहा गुंठे जमीन ऐकून व्याह्यांनीं सातबारा कोणाच्या नांवावर म्हणून विचारिलें.

दुसरा प्रकार सूनबाईचा. कांहीं धातूंचे ऑक्साईड असे असतात, कीं आयन नुसते शेजारीं उभे न राहतां पृष्ठभागावर थोडीशी रासायनिक देवघेव करितात, आणि त्यामुळें सांठा वाढतो. रुथेनियमच्या ऑक्साईडचा हा गुण १९७१ मध्यें लक्षांत आला. पण रुथेनियम पडलें मोलवान. मँगॅनीज त्यामानानें स्वस्त, आणि आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडे त्याच्या खाणीही आहेत. टॉर्चच्या जुन्या सेलमधून निघणारी काळी पूड ती मँगॅनीज ऑक्साईडचीच. मात्र ही देवघेव वरवरच्या भागांतच होते. थर जाड केला तर आंतल्या भागापर्यंत ना आयन पोंचत, ना वीज. ओट्यावर पोत्यांची वीस थरांची थप्पी लावली, तर तळचें पोतें गिऱ्हाइकाच्या काय कामाचें? म्हणून पातळ पापुद्रा करावयाचा. त्यालाच थिन फिल्म म्हणतात.

आणि तो करण्यासाठींच तीं चार भांडीं. पहिल्यांत मँगॅनीजच्या क्षाराचें पाणी, दुसऱ्यांत शुद्ध पाणी, तिसऱ्यांत पूर्वीं विहिरींत टाकीत असत तें जांभळें परमँगनेट, चौथ्यांत पुन्हां शुद्ध पाणी. घांसून स्वच्छ केलेली स्टेनलेस स्टीलची पट्टी क्रमानें चारींत बुडवावयाची. पहिल्यांत जेवढे कण पट्टीस चिकटतात, तेवढ्यांवरच तिसऱ्यांत क्रिया होते, आणि तपकिरी रंगाचा एक अतिसूक्ष्म थर बसतो. मधलें पाणी सैल राहिलेलें धुऊन काढतें. मग पुन्हां पहिल्यापासून. ही रीत फ्रान्समध्यें निकोलाउ यांनीं १९८५ मध्यें मांडली. आपल्या बाजूस तिचा प्रसार मुख्यत्वें शिवाजी विद्यापीठांत झाला; तेथील प्राध्यापक लोखंडे यांनीं पठाण यांच्यासह २००४ मध्यें या रीतीचा आढावा लिहिला, आणि धातूंच्या ऑक्साईडच्या पापुद्र्यांपासून होणाऱ्या महाधारित्रांचा आढावा सहकाऱ्यांसह २०११ मध्यें. लाखों रुपयांचीं निर्वात यंत्रें नसलेल्या महाविद्यालयासही हें काम करतां येतें. कांचपात्रें, क्षार, पाणी आणि धीर एवढें भांडवल असलें कीं झालें. या भागांतले पुष्कळ तरुण याच शिदोरीवर दक्षिण कोरियांत संशोधनास गेले आहेत.

ऐकतां ऐकतां आम्हांस आमच्या शास्त्रीबुवांचे वैद्य बंधु आठवले. ते अभ्रकाचें भस्म करीत. वनस्पतीच्या रसांत खलावयाचें, वाळवावयाचें, आंचेंत घालावयाचें, आणि पुन्हां रसांत. यास भावना आणि पुट म्हणत. शंभर पुटांचें तें शतपुटी, हजारांचें तें सहस्रपुटी. लहानपणीं तासन्‌तास त्यांच्या शेजारीं बसून आम्हीं तें पाहिलें होतें, आणि “यापलीकडे केलेंत काय” असें त्यांना विचारण्याची आमची छाती झाली नसती.

“मग अडलें कोठें?” आम्हीं विचारिलें.

“वजनांत,” सूनबाई म्हणाली. कागदपेन्सिल घेऊन तिनें मांडून दाखविलें. समजा, कोरी पट्टी आणि थर बसलेली पट्टी यांच्या वजनांत ०.४ मिलिग्रॅम फरक आला. काटा दाखवितो ०.१ पर्यंत. दोन वजनें, दोहोंत थोडी थोडी चूक. म्हणजे थर खरोखर ०.३ असेल किंवा ०.५ असेल. ०.४ धरलें तर सांठवण ग्रॅमला ८०० फॅरड निघते. ०.५ असेल तर ६४०, आणि ०.३ असेल तर हजाराच्याही वर! पापुद्रा जितका पातळ, तितका भागाकार खालीं हलका आणि वरचा आंकडा मोठा. वजन कमी धरण्याची चूक झाली, तर तीही संशोधकाच्या फायद्याचीच. शिवाय, ग्रॅममागें ८०० म्हटलें म्हणजे एक ग्रॅमचा थर देऊन तेवढें मिळेलच असें नव्हे. गोगोत्सी आणि सिमोन या दोघा शास्त्रज्ञांनीं २०११ मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत हाच इशारा दिला होता: बाजारांतील महाधारित्रांत चौरस सेंटिमीटरवर दहा मिलिग्रॅमच्या आसपास द्रव्य असतें, नखभर पापुद्र्यावरचे मोठे आंकडे तेथें तसेच्या तसे उतरत नाहींत.

“माझा आंकडा मोठा आला होता, मामंजी. तो लिहून मी दीड वर्षापूर्वींच मोकळी झालें असतें. कोणी विचारलेंही नसतें. पण मला त्या वजनाचा भरंवसा नव्हता.”

“आणि आतां?”

“पांच पट्ट्या तोलल्या. आंकडा खालीं आला आहे. दोन पट्ट्या उद्यां राहिल्यात.”

तिच्या आवाजांत दुःख नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं. दीड वर्ष घालवून मोठ्या आंकड्याचा लहान आंकडा करून घेणें हें सोपें नाहीं; आणि हें करीत असतां ज्या घरीं आपण रोज वाढतों, तेथल्या वडील माणसाकडून काय ऐकून घ्यावें लागलें, हेंही तिला आठवत असणारच. व्याही इतका वेळ सुपारी कातरीत होते. ते हलकेच म्हणाले, “चाळीस वर्षें तराजूजवळ बसलों, मास्तर. सकाळीं पहिलें काम पासंग पाहण्याचें. रिकामीं पारडीं समतोल नसलीं, तर आधीं खडा बांधून तीं समतोल करायचीं, मग पहिलें पोतें. पासंग न पाहतां तोललेला माल मी वहींत चढवीत नसें. मालक एकदोनदां रागावलेसुद्धां, गाड्या खोळंबल्या म्हणून.” इतकें बोलून त्यांनीं सुपारी पुढें केली.

आम्ही सुनेची क्षमा मागितली का? पुष्कळ वाचकभगिनींस हा प्रश्न पडेल. शब्दांनीं मागितली नाहीं. तें आमच्या पिढीस जमत नाहीं, आणि जमत नाहीं यांत भूषण कांहीं नाहीं. आम्हीं तिच्याच पेन्सिलीनें, तिच्याच कागदाच्या पाठीमागें, त्या स्नेह्यांस पत्राचा मसुदा लिहिला: सूनबाईंस न विचारतां आम्हीं शब्द दिला ही आमची चूक झाली, त्या जूनपासून येऊं शकणार नाहींत, जागा दुसऱ्या कोणास द्यावी. मसुदा तिला वाचावयास दिला. तिनें वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखविली, आणि परत दिला. स्नेही अद्याप आमच्याशीं पूर्वींसारखे बोलत नाहींत.

साताऱ्यास परतल्यावर मात्र आम्हीं घरांत या विषयाची चौकशी करावयास आरंभ केला. शांघाय शहरांत २००६ मध्यें महाधारित्रांवर चालणाऱ्या बसगाड्या सुरू झाल्या. त्या थांब्यावर उतारू चढेपर्यंत वीज भरून घेत. कांहीं पवनचक्क्यांत बाहेरची वीज तुटली असतां पातीं वाऱ्यापासून वळवून चक्की थांबविण्यासाठीं जो क्षणभर जोर लागतो, तो हींच धारित्रें पुरवितात. केरळांत कण्णूर येथें केल्ट्रॉन या सरकारी कंपनीनें इस्रोच्या साह्यानें तीं तयार करण्याचा कारखाना २०२४ मध्यें सुरू केला. किलोमागें सांठ्यांत मात्र लिथियमची बॅटरी त्यांच्याहून वीस-पंचवीस पटींनीं पुढें आहे. उलट बॅटरी कांहीं हजार वेळां भरून काढली कीं थकते, आणि हीं लाखों वेळां सोसतात. मोठ्या नातवानें हें सर्व पंक्तींत ऐकून विचारिलें, कीं मग ओटा आणि पेव दोन्हीं ठेवावींत, भांडण कशाला? त्यास त्याच्या आजोळीं हळद ठाऊक आहे.

पंधरा दिवसांपूर्वीं आम्ही सूनबाईबरोबर तिच्या प्रयोगशाळेंत गेलों. आम्हांस काम दिलें होतें तें बुडव्या मोजण्याचें. पहिल्या भांड्यांत वीस सेकंद, पाण्यांत दहा, जांभळ्यांत वीस, पुन्हां पाण्यांत दहा. असा एक मिनिटाचा एक फेरा, आणि फेरे शंभर. पट्टी प्रथम चकचकीत होती. दहाव्या फेऱ्यास तिच्यावर चहाचा डाग पडावा तशी झांक आली, तिसाव्यास ती गूळ कढावा तशी गडद झाली. शेजारीं एक विद्यार्थी उभा होता. त्यानें आम्हांस, आजोबा, तुम्हांला हें कसें वाटतें, म्हणून विचारिलें. आम्ही त्याला अभ्रकाची भावना समजावून सांगूं लागलों, भू धातूपर्यंत गेलों, आणि मग ध्यानांत आलें, कीं हा फेरा सदतिसावा कीं अडतिसावा याची आम्हांस शुद्ध नाहीं.

आम्हीं तसें सांगितलें. सूनबाईनें पट्टी बाहेर काढली, उजेडाकडे धरून पाहिली आणि बाजूस ठेविली. मग डब्यांतून एक कोरी पट्टी घेऊन ती चिमट्यांत धरली.

“मामंजी,” ती म्हणाली, “पुन्हां एकपासून.”